यंदा हॅरोत बर्फ पडणारच

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६:००

कुंपणावर ८ अंश. सप्टेंबरात आठ! ही साधी गोष्ट नाही.

आजपासून ही वही. ऑगस्टअखेर लंडनच्या आमच्या हॅरो भागातल्या कौन्सिलच्या पार्किंग डिपार्टमेंटमधून रिटायर झालो. सेंड-ऑफला डिजिटल थर्मामीटर मिळाला. घड्याळ द्यायचं ठरलं होतं म्हणे, पण कुणीतरी म्हणालं की रघुवीरला आता वेळ बघून करायचंय काय. असो. मागच्या बागेत कीथच्या बाजूला जे जाळीचं कुंपण आहे, त्यावर तो टांगला. शेजारी कीथ एकटाच असतो, त्याची कटकट नाही. त्या कोपऱ्यात दिवसभर ऊन येत नाही, त्यामुळे जागा शास्त्रीय आहे.

नियम. रोज सकाळी सहाला नोंद, एकही दिवस चुकायचा नाही. एकदा लिहिलेली नोंद बदलायची नाही. अट्ठावीस वर्षांत मी लिहिलेलं दंडाचं पार्किंग तिकीट कधी रद्द केलं नाही, समोरचा रडला तरी. आणि मत लिहायचं नाही, फक्त पुरावा.

अरुणा किचनच्या दारातून म्हणाली, अहो, पायजम्यावर बाहेर काय करताय, कीथ बघतोय. म्हटलं, बघू दे.

१५ सप्टेंबर. सकाळी ९:४०

अलार्म वाजला नाही. वाजला असेल तर ऐकू आला नाही. सहाची नोंद अंदाजे ७ धरावी.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ६:१५

६ अंश. अरुणानं हीटिंग लावलं. या घरात सप्टेंबरात हीटिंग पहिल्यांदाच. ती जीपी सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला असते. म्हणाली, वेटिंग रूममध्ये सगळे कोट घालून बसले होते. हा स्वतंत्र पुरावा.

स्टेशनच्या कार पार्कमधल्या झाडावर मॅगपायचं घरटं पाहिलं. पार खालच्या फांदीवर. बाबा कावळ्याच्या घरट्यावरून पावसाचा अंदाज सांगायचे, घरटं खाली म्हणजे वारा-वादळ जोरात. मॅगपाय म्हणजे इथला कावळाच.

निष्कर्ष: यंदा बर्फ. भुरभुर नव्हे, बर्फ.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपारी

नागपूरहून अक्काचा फोन.

अक्का आता चौऱ्याहत्तरची. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवत राहिली, आणि मला आजपर्यंत काही मागितलं नाही. मी लंडनला आल्यापासून एकच गोष्ट म्हणते: रघू, मला एकदा बर्फ पडताना पाहायचाय. पडलेला नाही, पडताना. आता गुडघे गेलेत. आज म्हणाली, पुढल्या वर्षी विमानाच्या पायऱ्या चढणं होते की नाही, कोणाला माहीत.

तिचं येत्या मे महिन्यात यायचं ठरलं होतं. सगळे मे महिन्यातच येतात, गुलाब बघतात आणि जातात. मी म्हटलं, अक्का, तिकीट बदल. यंदा डिसेंबर-जानेवारीत ये. बर्फ दाखवतो. जबाबदारी माझी.

तिनं महिने दोनदा विचारून घेतले. मग म्हणाली, तू म्हणून राहिलास तर येते.

तिच्या दिवाणखान्यात माझा १९९८चा फोटो आहे, गुडघाभर बर्फात उभा असलेला. फोटो काही अगदीच खोटा नाही. कार पार्कमधला सगळा बर्फ आमच्या लोकांनी फावड्यानं एका कोपऱ्यात लोटला होता, त्या ढिगात मी उभा राहिलो. पत्रात लिहिलं, इथं गुडघाभर बर्फ आहे. ढिगात होताच. पण सत्तावीस वर्षं तिनं तो फोटो अख्ख्या कॉलनीला दाखवलाय, तेव्हा आता प्रत्यक्ष दाखवणं भाग आहे.

२२ सप्टेंबर

कार्डिफहून ऋजुताचा फोन. पेशंटला वाईट रिपोर्ट सांगतात तसा आवाज. बाबा, तू क्रेझी आहे का? आत्याला डिसेंबरमध्ये कोण बोलावते? चार वाजता डार्क होते. हॅरोमध्ये स्नो शेवटची कधी पडला?

डॉक्टर झाली म्हणून हवामान कळत नाही. तिला पुरावा व्हॉट्सॲप केला. तिनं अंगठा पाठवला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कीथकडे व्हॅन आली. दोन माणसांनी त्याच्या बाजूला, कुंपणाला अगदी चिकटून, एक पांढरी पेटी बसवली. समोर हा एवढा पंखा. एसी! अख्खं हॅरो कोट घालून फिरतंय आणि हा बाबा एसी बसवतोय. नागपूरला कुणी मे महिन्यात हीटर आणला तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील.

जाळीतून विचारलं, तर म्हणाला, बेस्ट थिंग आय एव्हर डिड, सरकारनं ग्रँटसुद्धा दिली. एसीला ग्रँट! या देशाचं आता काही खरं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ६:२०

कुंपणावर २ अंश!! नीट पुसून पुन्हा पाहिलं. २.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रघुवीर हवामान वार्ता' सुरू केली. सेक्रेटरी मिलिंदनं पाच मिनिटांत लिहिलं, माझ्या फोनवर ११ दाखवतंय. मी शांतपणे कळवलं की फोनवरचा आकडा कुठल्यातरी एअरपोर्टचा असतो, माझा कुंपणावरचा आहे. त्यावर त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. पटलं असावं.

६ ऑक्टोबर

कुंपणाजवळचा अरुणाचा पुदिना रात्रीत काळा पडला. पानांवर चक्क हिम! बागेच्या दुसऱ्या टोकाची कोथिंबीर मात्र ठणठणीत. याचा अर्थ थंडी उत्तरेकडून येतेय आणि सर्वांत आधी माझ्या थर्मामीटरपाशी पोचतेय. जागा किती अचूक निवडली गेली!

अरुणाला हे सांगितलं. ती म्हणाली, माझा पुदिना मेलाय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

अरुणानं कुंपणापाशी पणती ठेवली. विझली. पुन्हा लावली. विझली. चार वेळा. बाकी सगळ्या पणत्या पुढच्या दारात शांत तेवताहेत, वारा म्हणून नाही. मी समजावलं की हा ध्रुवीय वारा जमिनीलगत येतो. शेवटी वाकून, दोन्ही हातांचा आडोसा करून मीच दहा मिनिटं बसलो. कीथ खिडकीतून बघत होता. त्यानं हलकेच मान झुकवली. मी पण झुकवली.

२ नोव्हेंबर, रविवार

तयारी. बर्फाचं फावडं, एक. रस्त्यावर टाकायचं जाडं मीठ, पंचवीस किलो, गॅरेजमध्ये. चॅरिटी शॉपमधून प्लास्टिकची स्लेज, लाल. अक्काला बसवून ओढायची. अरुणा म्हणाली, त्यांचे गुडघे बघा आणि तुमची कंबर बघा. नकारात्मक विचार.

संकल्प: शरीर तयार करायचं. उद्यापासून रोज सकाळी कोटाशिवाय वीस मिनिटं चालणं.

५ नोव्हेंबर

सर्दी. चालण्याशी काही संबंध नाही.

८ नोव्हेंबर

खोकला. अरुणाच्या सर्जरीत साथ आहे, तिनंच आणला असणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७:०५

उणे २! सगळे म्हणताहेत की गेले दोन आठवडे हवा उबदार झाली. मिलिंद स्वेटर न घालता मंडळात आला आणि माझ्याकडे बघून उगाच शर्टाच्या बाह्या वर सरसावत होता. लोकांना स्वतःच्या कातडीवर भरवसा, उपकरणावर नाही.

वार्ता क्र. २३ पाठवली: हॅरोत पांढरा ख्रिसमस, शक्यता ९० टक्के.

एक निरीक्षण: बाहेर थंडी वाढली की कीथचा एसी जास्त जोरात घरघरतो. बिचाऱ्याला कुणीतरी समजावलं पाहिजे. पण इथं कुणी कुणाला काही विचारत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अक्का आली!

व्हीलचेअरवरून, अंगात दोन स्वेटर, वर शाल, कानटोपी, हातमोजे. एअरपोर्टच्या बाहेर रिमझिम पाऊस, १३ अंश. गाडीत बसल्या बसल्या तिनं एक एक करून सगळं काढायला सुरुवात केली. घरी पोचेपर्यंत मागची सीट धुण्याच्या टोपलीसारखी झाली होती. म्हणाली, काऊन रे रघू, नागपूरला तर याच्याहून जास्त थंडी पडून राहिली.

म्हटलं, ही वादळापूर्वीची शांतता.

बॅगेतून संत्राबर्फी, अंबाडीच्या वड्या आणि तो फोटो. फ्रेमसकट! म्हणाली, जागा जुळवून पाहू कुठली ते. मी फ्रेम कपाटात उंच ठेवली. काच सांभाळायला हवी.

१५ डिसेंबर, सोमवार

अक्काला कुंपणापाशी नेलं. बाकीच्या बागेत थंडी काहीच नाही म्हणत होती. थर्मामीटरसमोर उभी राहिल्यावर, बाप्पा, म्हणाली. पटलं! उणे १.

मग तिनं जाळीवर हात ठेवला आणि म्हणाली, वारं तिकडून येऊन राहिलं, त्या पेटीतून. मी सांगितलं की तो शेजाऱ्याचा एसी आहे आणि वारा ध्रुवीय आहे. त्या दोन गोष्टींची दिशा योगायोगानं एक आहे. अक्कानं भूगोल शिकवलाय, तिला पुस्तकी माहिती भरपूर. प्रत्यक्ष अनुभव माझा. ती हं म्हणाली आणि पेटीकडे बघत राहिली.

संध्याकाळी पाहतो तर माझ्या थर्मामीटरखाली दुधाचं पातेलं. फ्रिज भरला म्हणून तिनं ठेवलं होतं. शेजारी स्वतःसाठी खुर्ची. म्हणाली, इथं छान वाटते, खरं लंडन इथंच आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ६:००

पडदा उघडला. हिरवं. सगळं हिरवंगार. फोनवर ११ अंश.

कुंपणावर उणे १. म्हणजे बर्फाची तयारी पूर्ण आहे, फक्त ढग कमी पडले. सिस्टीम साधारण दहा दिवस मागे पडली आहे. वार्ता क्र. ४१ तशी पाठवली. मिलिंदनं त्याच्या बागेतल्या डॅफोडिलचा, म्हणजे वसंतात येणाऱ्या फुलाचा, फोटो टाकला. खाली चौदा जणांचे हसरे चेहरे. त्यात आपल्या खजिनदाराचाही एक.

३१ डिसेंबर, बुधवार

अक्का रोज पहाटे उठते. मी नोंदीला खाली येतो तेव्हा ती पुढच्या खोलीच्या खिडकीत असते, पडदा इतकासा सारून. मला पाहिलं की पडदा सोडून देते आणि चहा ठेवते. काही म्हणत नाही. म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे आलेख आहेत.

आज तिनं विचारलं, रघू, तुझी झोप होते का रे नीट?

मला खूप वाईट वाटलं. एवढं लिहून ठेवतो.

६ जानेवारी, मंगळवार

ऋजुताचा फोन. शनिवारी तिला सुट्टी. वेल्समध्ये ब्रेकनच्या डोंगरांवर बर्फ पडणार असं सगळीकडे सांगताहेत, कार्डिफहून गाडीनं तासाभरात. बाबा, तिघे शुक्रवारी ट्रेननी या, मी आत्याला घेऊन जाते.

नेमका शनिवार! माझ्या आलेखाप्रमाणे शनिवारीच हॅरोत पडणार. आज कुंपणावर उणे ५. दारात येणारा बर्फ सोडून वेल्सला कशाला जायचं? मी सांगितलं, तुम्ही सगळे इथं या.

फोनवर जे झालं ते लिहीत नाही.

अरुणा म्हणाली, मी अक्कांना घेऊन जातेय. तुम्ही यायचं तर या, नाहीतर बसा तुमच्या कुंपणापाशी. अक्का उठली. हातमोजे शोधायला लागली.

९ जानेवारी, शुक्रवार

दोघींना पॅडिंग्टन स्टेशनला सोडलं. अक्का ट्रेनच्या काचेतून म्हणत होती, चल ना रे पोट्ट्या. ऐकू आलं नाही, पण ओठ कळतात. मी मनगटावरचं घड्याळ दाखवून खूण केली की ऑब्झर्व्हेशन आहे.

दोघी निघून गेल्यावर प्लॅटफॉर्मवर उगाच थांबलो. वाटलं, पुढची ट्रेन घ्यावी. पण मग हॅरोत पडला आणि नोंदीला कुणी नसलं तर? अक्का परत आल्यावर तिला काय दाखवायचं?

१० जानेवारी, शनिवार. सकाळी ५:३०

कुंपणावर उणे ६! आजवरचं सर्वांत कमी. तीन पायांचा स्टँड, कॅमेरा, फ्लास्क, स्लेज, फावडं, सगळं बागेत. खुर्ची अक्काचीच घेतली.

सकाळी ११:००

ढग. उत्तम ढग.

दुपारी १:२०

काहीतरी पडलं! नाकावर. पाणी.

अरुणाचा व्हिडिओ कॉल आला, कट केला. लेन्सवर थेंब येत होते.

दुपारी १:४०

पुन्हा कॉल. घेतला.

अक्का. मागे सगळं पांढरं, डोंगर दिसतसुद्धा नाही. आणि पडतोय. सावकाश, मोठा मोठा, तिच्या कानटोपीवर, चष्म्यावर, पापण्यांवर. तिनं एक हातमोजा काढला होता आणि तळहात पुढे करून उभी होती. हसत होती. अक्का तोंडावर हात न ठेवता हसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. फोनमध्ये ओरडून म्हणाली, रघू, याचा आवाजच होत नाही रे!

पाऊण शतक उन्हात काढलेली बाई. मला आनंद झाला. खरंच झाला. फक्त मला तिला तो दाखवायचा होता.

इथं पाऊस. नोंद: हॅरो. बर्फ शून्य. निरीक्षक रघुवीर, एकटा.

११ जानेवारी, रविवार

बागेतून स्लेज उचलत होतो. कीथ जाळीपाशी आला. घसा साफ केला. म्हणाला, रघुवीर, आय होप यू डोन्ट माइंड मी आस्किंग. तू आणि तुझी बहीण माझ्या हीट पंपाची पूजा करता का?

म्हटलं, कसला पंप?

त्यानं सगळं सांगितलं. ती पांढरी पेटी एसी नव्हे. बाहेरच्या हवेतली ऊब खेचून घर गरम करते आणि उरलेली गार हवा समोर फेकते. समोर म्हणजे कुंपण. कुंपण म्हणजे माझा थर्मामीटर. जितकी थंडी जास्त तितकी ती जोरात चालते, तितकी गार हवा. आपल्या एसीच्या अगदी उलट.

साडेतीन महिने तो विचारायचं टाळत होता. मी रोज पहाटे येऊन वहीत लिहिणार, पेटीपुढे दिवा लावणार, वाकणार, बहीण दुधाचं भांडं ठेवणार. त्याला वाटलं काहीतरी धार्मिक आहे, आपण मध्ये बोलू नये. शनिवारी पहाटेपासून तो मुद्दाम पंप फुल ठेवून होता. म्हणाला, तू एवढी खुर्ची मांडून बसलास, वाटलं आज मोठा सण असावा.

मी त्याला थँक यू म्हटलं. 

अरुणाला अजून सांगितलं नाही. आकडे चुकीचे नव्हते, एवढं नमूद करतो. त्या ठिकाणी उणे ६ होतंच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सोमवारी दोघी परतल्या. आज अक्कानं तिळाचे लाडू केले, पहिला कीथला जाळीवरून दिला. परत आली आणि म्हणाली, चांगला माणूस आहे. त्याचा पंप पण चांगला आहे.

तिला माहीत होतं! पंधरा डिसेंबरपासून. म्हटलं, अक्का, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तू एवढा खूश होऊन दाखवून राहिला होतास.

मग मी कपाटातून फ्रेम काढली आणि तिला फोटोचं खरं काय ते सांगितलं. कार पार्क, ढीग, फावडी. सत्तावीस वर्षांनी. सांगताना नाक पुसावं लागलं, ते सर्दीमुळे.

तिनं चष्मा लावला आणि बोटानं दाखवलं. हा मागचा रस्ता पाहा. कोरडा. हा माणूस पाहा, अर्ध्या बाहीचा शर्ट. अरे, लंडनला समुद्राच्या गरम प्रवाहामुळे बर्फ टिकत नाही, हे मी दरवर्षी सातवीच्या पोरांना शिकवत होते. नाही शिकली पोरं तर छडी मारत होते.

म्हटलं, मग लावलास कशाला भिंतीवर?

म्हणाली, पहिल्या वर्षीची तुझी सगळी पत्रं रडकी होती. या फोटोत तू हसून राहिला होतास.

फ्रेम पुसून तिच्या बॅगेत वर ठेवली.

२४ जानेवारी, शनिवार

अक्का गेली. सिक्युरिटीच्या रांगेतून वळून म्हणाली, झोपत जा.

मीठ गॅरेजमध्येच. पंचवीस किलो. कुणाला हवंय का, ग्रुपवर विचारलं. मिलिंदनं लिहिलं, वरणात टाका.

संकल्प: सकाळी सहाची नोंद बंद. झोपायचं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रुपवर मिलिंदचा फोटो. पहाटे सहाला त्याच्या गाडीच्या काचेवर पाच मिनिटं पांढरं होतं. मी झोपलो होतो. संकल्प पाळला गेला.

८ फेब्रुवारी, रविवार

अक्काचा फोन. तिनं ऋजुताकडून ब्रेकनचा फोटो मागवून मोठा करून घेतलाय आणि दिवाणखान्यात माझ्या फोटोशेजारी लावलाय. तिचा तळहात पुढे, वरून बर्फ पडतोय. कॉलनीतल्या सगळ्या बायका बघून गेल्या. त्यांनी विचारलं, तुमचा भाऊ नाही कुठं दिसत यात?

मी तिथलं तापमान विचारलं. 

अक्का म्हणाली, मी सांगितलं, तो कसा दिसंल, फोटो त्यानंच तर काढला. लक्षात ठेव. कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. आणि बर्फ गुडघाभर होता म्हणून सांगून राहिले मी सगळ्यांना.

मी म्हटलं, अक्का, ऋजुता तर म्हणते घोट्याएवढाच होता.

म्हणाली, आता कमी नको करूस.

फोन ठेवल्यावर वही काढली. १० जानेवारीची नोंद खोडून नवीन लिहिली: ब्रेकन. बर्फ, गुडघाभर. निरीक्षक व फोटोग्राफर, रघुवीर.